व्हाइट वाइनही मुरते, फक्त बूच पाहून घ्यावं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला वाइनच्या संग्रहाबद्दलचा लेख वाचला. लेखकाने मेहनत घेतली आहे. रेड वाइनबद्दलचा भाग तर मला फार आवडला. पण व्हाइट वाइनची बोळवण त्यांनी दोन वाक्यांत केली आहे. पहिलं वाक्य असं, की व्हाइट वाइन मुरत नाही, ती ताजी असतानाच संपवावी. दुसरं असं, की तरीही जमवायचीच असेल तर नामांकित व्हाइट बर्गंडीची, म्हणजे फ्रान्सच्या बर्गंडी भागातल्या व्हाइट वाइनची, पेटी घ्यावी, चार-पाच वर्षं हात लावू नये आणि भाव चढला की विकून टाकावी. यातलं पहिलं वाक्य अर्धंच खरं आहे. दुसऱ्याच्या भरवशावर राहिलं तर चांगले पैसे पाण्यात जाऊ शकतात. म्हणून हे पत्र. ते थोडं लांबलं तरी पूर्ण छापावं, अशी विनंती.

मी निवृत्त होईपर्यंत रसायनशास्त्र शिकवलं. व्हाइट वाइनचा नाद मला माझ्या धाकट्या दिरांनी लावला. आमचा साठा सामायिक आहे. खरेदी भाऊजी बघतात, नोंदवही माझ्याकडे असते. बाटली कोणत्या उत्पादकाची, कोणत्या वर्षाच्या तोडीची, कुठून घेतली, तिला बूच कोणतं, उघडली तेव्हा रंग कसा होता, हे सगळं मी लिहून ठेवते. पुढे जे लिहिते आहे ते या वहीच्या आधाराने.

रेड वाइन करताना द्राक्षांची सालं रसातच ठेवून रस आंबवतात. सालं आणि बिया यांतून उतरणारं टॅनिन हे तुरट द्रव्य पुढे ऑक्सिजनचा मारा स्वतःवर घेतं आणि वाइन टिकते. व्हाइट वाइनसाठी द्राक्षं बहुधा लगेच पिळतात आणि सालं बाजूला काढतात, त्यामुळे तिच्याकडे हे चिलखत नसतंच. तिला सांभाळतात त्या तीन गोष्टी: तिची स्वतःची आम्लता, काही वाइनमध्ये उरलेली साखर, आणि बाटली भरताना घातलेला थोडासा सल्फर डायऑक्साइड. युरोपीय संघाच्या नियमांत कोरड्या, म्हणजे गोड नसलेल्या, रेड वाइनला लिटरमागे १५० मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइडची मर्यादा आहे, कोरड्या व्हाइटला मात्र २०० ची मुभा आहे. फ्रान्सच्या सोतेर्नसारख्या, बुरशी चढलेल्या द्राक्षांच्या गोड वाइनना तर ४०० पर्यंत. व्हाइटला बाहेरचा आधार जास्त लागतो, हे कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक होतं.

हा आधार ज्या वाइनमध्ये तोकडा असतो, ती लवकर संपवावी हे लेखकाचं म्हणणं मला मान्य आहे. साध्या सोव्हिन्यों ब्लां किंवा पिनो ग्रिजियोच्या बाटल्या साठवून काहीच हाती लागत नाही. ऱ्होन खोऱ्यातली कोंद्रिय्यू ही व्हियोन्ये द्राक्षाची वाइन महाग आणि प्रतिष्ठेची, पण तिची सगळी श्रीमंती तिच्या सुगंधात असते आणि तो सुगंध बहुतेक बाटल्यांत काही वर्षांतच विरतो. किंमत जास्त म्हणजे आयुष्य जास्त, असा हिशेब व्हाइट वाइनमध्ये चालत नाही.

आता मुरणाऱ्या वाइनबद्दल. माझ्या मते संग्रह सुरू करणाऱ्याने पहिली बाटली जर्मनीतल्या मोझेल खोऱ्यातल्या रीसलिंग द्राक्षाच्या वाइनची घ्यावी. तिथले उतार उभ्या भिंतीसारखे आणि जमीन पाटीच्या दगडाची. थंड हवेत द्राक्षं सावकाश पिकतात आणि पिकूनही त्यांची आम्लता जात नाही. काबिनेट किंवा श्पेटलेझे दर्जाच्या, थोडी साखर राखलेल्या वाइनमध्ये मद्यार्क अनेकदा आठ-नऊ टक्केच असतो. ही इतकी हलकी वाइन वीस-वीस वर्षं कशी टिकते, असं भाऊजींनी मला पहिल्यांदा विचारलं होतं. उत्तर आम्लता आणि साखर यांच्या जोडीत आहे. साखर वर्षानुवर्षं तेवढीच राहते, पण जिभेला ती कमी कमी जाणवू लागते. तरुणपणी गोड वाटणारी श्पेटलेझे पंधराव्या वर्षी जवळजवळ कोरडी वाटते. मधल्या काळात तिला रॉकेल-पेट्रोलसारखा एक वास येतो. तो द्राक्षातल्या कॅरोटिनॉइड द्रव्यांच्या विघटनातून तयार होणाऱ्या टीडीएन नावाच्या संयुगाचा. बेताचा असेल तर तो दोष नव्हे, जुन्या रीसलिंगची ती ओळख आहे. पहिल्या घोटाला नाक मुरडणारे पाहुणे नंतर तोच वास शोधू लागतात, हे मी आमच्याच घरी पाहिलं आहे.

जर्मन लेबलाची लोकांना उगाच धास्ती वाटते. त्यावर इतकी माहिती असते, की मला ते जगातलं सगळ्यात प्रामाणिक लेबल वाटतं. १९७१ च्या कायद्याने काबिनेट, श्पेटलेझे, आउसलेझे, बेरेनआउसलेझे, ट्रोकनबेरेनआउसलेझे हे दर्जे पक्के केले, आणि ते ठरतात तोडीच्या वेळी रसात असलेल्या साखरेवरून. वाइन गोड की कोरडी हे त्यावरून कळत नाही, त्यासाठी ‘ट्रोकन’, म्हणजे कोरडी, हा शब्द शोधायचा. खाली बारीक अक्षरांत ‘ए.पी.’ने सुरू होणारा सरकारी तपासणी क्रमांक असतो. त्याचे शेवटचे दोन अंक तपासणीचं वर्ष सांगतात आणि त्यांच्या आधीचा आकडा त्या उत्पादकाच्या त्या वर्षीच्या वाइनांमधला अनुक्रम. काही उत्पादक एकाच मळ्याच्या, एकाच वर्षाच्या, एकाच दर्जाच्या वाइनचे दोन वेगळे भरणे करतात, एकेका पिंपाचे वेगळे. दोन्ही लेबलं हुबेहूब सारखी आणि फरक फक्त या क्रमांकात. आमच्या साठ्यात अशा दोन आउसलेझे होत्या. शेजारी शेजारी उघडल्या तेव्हा एक मधाकडे झुकलेली निघाली, दुसरी लिंबाच्या सालीकडे. क्रमांक टिपला नसता तर पुन्हा मागवताना कोणती मागवायची हे कळलंच नसतं.

याच वाइनांच्या तळाशी किंवा बुचाखाली कधी चमकदार खडे सापडतात. माझ्या नणंदेने ते पाहून ग्लास खाली ठेवला होता, तिला ती काच वाटली. ते पोटॅशियम बायटार्ट्रेटचे स्फटिक असतात. द्राक्षातलंच टार्टारिक आम्ल थंडीत स्फटिकरूपाने खाली बसतं. त्यांनी अपाय होत नाही, चवीतही फरक पडत नाही. मोठे कारखाने भरण्याआधी वाइन अतिथंड करून ते काढून टाकतात, पुष्कळ छोटे उत्पादक त्या भानगडीत पडत नाहीत. विक्रेत्याकडे असली बाटली ‘खराब’ म्हणून स्वस्तात निघाली तर बेलाशक घ्यावी.

रीसलिंगनंतर ऑस्ट्रेलियाच्या हंटर व्हॅलीतली सेमियों द्राक्षाची वाइन. तिथे द्राक्षं लवकर तोडतात, मद्यार्क दहा-अकरा टक्क्यांच्या आसपास राहतो आणि वाइन लाकडाला न लावता स्टीलच्या टाकीतून थेट बाटलीत जाते. पहिली काही वर्षं ती पाण्यासारखी फिकट आणि नुसती आंबट लागते. त्या वयात उघडणारा माणूस पुन्हा तिच्या वाटेला जात नाही. दहा वर्षांनी तीच वाइन सोनेरी होते आणि भाजलेल्या पावाचा, मधाचा वास सोडते. इतका, की पिणारा पैजेवर सांगतो की ही ओकच्या पिंपात राहिलेली आहे. लाकडाचा स्पर्शही नसताना हे घडतं आणि व्हाइट वाइन मुरत नाही म्हणणाऱ्यापुढे ठेवायला मला यापेक्षा चांगला पुरावा माहीत नाही.

फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातल्या व्हुव्रेची शेनां ब्लां द्राक्षाची वाइन हीसुद्धा त्याच जातकुळीची. १९४७, १९८९, १९९० या वर्षांच्या तिथल्या गोड वाइनची नावं जाणकार आजही आदराने घेतात. स्पेनच्या रिओखातली तोंदोनियाची व्हाइट तर उत्पादक स्वतःच वर्षानुवर्षं पिंपांत आणि बाटल्यांत मुरवून मग बाजारात आणतात, म्हणजे थांबण्याचं अर्धं काम त्यांनीच केलेलं असतं. आणि सोतेर्न. सिरों ही थंड पाण्याची छोटी नदी गारोन नदीला मिळते, तिथे शरद ऋतूत सकाळी धुकं धरतं. त्या ओलाव्यात बोट्रायटिस बुरशी द्राक्षांवर चढते, दुपारच्या उन्हात द्राक्षं सुकत जातात आणि आत साखर, आम्ल, गंध सगळंच दाट होतं. तोडणारे एकाच मळ्यातून पुन्हा पुन्हा फिरून फक्त तयार झालेली द्राक्षं वेचतात. बोर्दो भागातल्या वाइनच्या १८५५ च्या वर्गवारीत शातो दिकेम हे एकटंच सोतेर्न सर्वांच्या वर ठेवलं गेलं. बुरशी मनासारखी आली नाही तर तिथे त्या वर्षी दिकेम भरतच नाहीत. २०१२ ची बाटली म्हणूनच कुठेही मिळणार नाही. याच दिकेमची १८११ ची एक बाटली २०११ मध्ये ७५,००० पौंडांना विकली गेली. व्हाइट वाइन दोनशे वर्षं जपली जाते, हे सांगायला ही एक बाटली पुरेशी आहे. सोतेर्न घेताना मी अर्ध्या मापाच्या बाटल्या घेते. ती दोघा-तिघांत एका बैठकीत संपते आणि मुरतेही थोडी लवकर.

आता लेखकाच्या दुसऱ्या वाक्याकडे, म्हणजे बर्गंडीकडे येते. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

शार्दने द्राक्षाची जगातली सर्वोत्तम वाइन बर्गंडीत होते, याबद्दल माझं दुमत नाही. मर्सो, पुलिन्यी, शासान्य ही लागून असलेली गावं. मोंराशे हा जगप्रसिद्ध मळा अवघा ८ हेक्टरांचा, पुलिन्यी आणि शासान्य यांच्यात विभागलेला. उत्तरेला शाब्लीत सेरें नदीकाठच्या एकाच टेकडीवर सात ग्रां क्रू, म्हणजे सर्वोच्च दर्जाचे, मळे आहेत. तिथल्या चुनखडीत बारीक शिंपल्यांचे जीवाश्म हाताने उचलून घेता येतात, इतके उघडे पडलेले असतात. मर्सोला एकही ग्रां क्रू नाही, तरी तिथल्या पेरिएरसारख्या मळ्याची वाइन कित्येक ग्रां क्रूंच्या तोंडात मारेल. एकेका मळ्याचे अनेक मालक असतात, त्यामुळे मळ्याच्या नावाआधी उत्पादकाचं नाव वाचावं लागतं. हे सगळं लेखकाला माहीत असणार. पण ज्या गोष्टीबद्दल ते गप्प आहेत ती अशी, की १९९० च्या दशकाच्या मध्यापासूनच्या व्हाइट बर्गंडीत अकाली ऑक्सिडेशनचं, म्हणजे ऑक्सिजनमुळे वाइन वेळेआधीच बिघडण्याचं, संकट शिरलं. १९९५ आणि १९९६ च्या बाटल्या लोकांनी सात-आठ वर्षांनी उघडायला सुरुवात केली. पंधरा-वीस वर्षं टिकायला हव्या होत्या, पण त्यातल्या बऱ्याच आधीच संपलेल्या निघाल्या. फक्त स्वस्त बाटल्यांत हे झालं असं नाही, सगळ्यात नावाजलेल्या घराण्यांतही झालं.

माझ्या वहीतलं एक पान सांगते. पुलिन्यीची एक प्रमिये क्रू (ग्रां क्रूच्या खालचा दर्जा), एकाच पेटीतली, एकाच दिवशी आलेली, एकाच कपाटात शेजारी आडवी ठेवलेली. एका रात्री आम्ही दोन बाटल्या उघडल्या. पहिली हिरवट झाक असलेली फिकट पिवळी. लिंबू, भाजलेल्या बदामाचा हलका वास, आणि घोट घेतल्यावर जिभेच्या कडांना पाणी सुटेल अशी आम्लता. दुसरी ओतताच भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. रंग जुन्या पितळेसारखा. वास कापून ठेवलेल्या, काळ्या पडलेल्या सफरचंदाचा आणि मागून शेरीसारखा. चवीत फळ नाहीच, नुसता कडवटपणा. तोड एक, पिंप एक, कपाट एक. रसायनशास्त्र शिकवणाऱ्याला इथे विचार करावाच लागतो. दोन बाटल्यांत काय वेगळं होतं? बूच.

संशोधकांनी कारणं बरीच मांडली आहेत. सल्फर डायऑक्साइडची मात्रा कमी केली गेली. हवेच्या दाबावर चालणारी नवी यंत्रं द्राक्षं इतकी हळुवार पिळू लागली की रस फारच निर्मळ निघायला लागला आणि त्याला थोडंफार राखणारी सालातली द्रव्यं उतरेनाशी झाली. पिंपातला साका वारंवार ढवळण्याची फॅशन आली, त्यात हवा मिसळत गेली. उन्हाळे तापले, द्राक्षं जास्त पिकली. हे सगळं वाइनला दुबळं करतं, हे मला पटतं. पण ही कारणं सबंध भरण्याला सारखीच लागू पडतात. एकाच पेटीत एक बाटली जिवंत आणि दुसरी मेलेली निघते, तेव्हा शेवटचा धक्का बुचाने दिलेला असतो. नैसर्गिक बूच झाडाच्या सालीचं, दोन बुचं कधी तंतोतंत सारखी नसतात. त्यांतून आत झिरपणारा ऑक्सिजनही सारखा नसतो.

उत्पादक याबद्दल जागे झाले आहेत, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. अनेकांनी डियाम बूच स्वीकारलं. त्यात सालीचा बारीक भुगा उच्च दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडने धुतात, म्हणजे बुचाला बुरशट वास आणणारं टीसीए हे संयुगही निघून जातं, आणि मग तो दाबून बूच घडवतात. त्यावर ५, १०, ३० असे आकडे असतात, ते किती वर्षं टिकण्याच्या हिशेबाने केलंय ते सांगतात. ऑस्ट्रेलियात क्लेअर व्हॅलीच्या रीसलिंग उत्पादकांनी २००० साली एकत्र येऊन आट्यांचं झाकण स्वीकारलं, मागोमाग न्यूझीलंडचे उत्पादक आले. आट्यांचं झाकण म्हणजे हलक्या प्रतीची वाइन, ही समजूत अजून लोकांच्या डोक्यातून जात नाही. व्हाइट वाइन दीर्घकाळ ठेवायची असेल तर मला आट्यांचं झाकण सगळ्यात आधी हवं असतं. त्याखालच्या वीस वर्षांच्या रीसलिंग अजूनही हिरवट निघतात. झाकणाखालच्या या वाइन बुचाखालच्या वाइनपेक्षा सावकाश उघडतात, हे खरं. वाट थोडी जास्त पाहावी लागते, इतकंच.

मला राग येतो तो विकणाऱ्यांचा. त्या पेटीबद्दल आम्ही विक्रेत्याला लिहिलं. वहीतला तपशील, दोन्ही ग्लासांचा फोटो, बुचांचा फोटो, सगळं पाठवलं. उत्तर आलं, की बुरशट बूच निघालं तर बदलून देतो, पण ऑक्सिडेशन हा व्हाइट बर्गंडीचा स्वभाव आहे, त्याची जबाबदारी घेता येत नाही. विकताना हीच वाइन ‘पुढची पंधरा वर्षं बहरत राहील’ अशी होती. पंधरा वर्षांची किंमत घ्यायची आणि पाचव्या वर्षी स्वभावावर बोट ठेवायचं, हा व्यवहार मला मान्य नाही. आणि ज्या वाइनची प्रत्येक बाटली वेगळी निघू शकते, ती चार-पाच वर्षं न उघडता पुढच्याला विकून टाका असं सांगणं म्हणजे आपली जोखीम न सांगता दुसऱ्याच्या गळ्यात मारणं. लेखकाचा तो हेतू नसेल, पण सल्ल्याचा अर्थ तोच होतो.

जुन्या बाटल्यांच्या बाजारात बनावट मालाचीही भीती असते. बर्गंडीच्या पोंसो घराण्याच्या क्लो सें-देनी या रेड वाइनच्या १९४५ आणि १९४९ सालच्या म्हणून काही बाटल्या २००८ मध्ये न्यूयॉर्कला लिलावात आल्या होत्या. घराण्याच्या प्रमुखाने त्या थांबवायला लावल्या, कारण ती वाइन घराण्याने १९८० च्या दशकाआधी केलीच नव्हती. त्या बाटल्या आणणाऱ्या रुडी कुर्नियावानला २०१२ मध्ये अटक झाली आणि २०१४ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. व्हाइट वाइनमध्ये मात्र मला अस्सल पण चुकीच्या ठेवलेल्या बाटलीची धास्ती जास्त आहे. लेबल खरं, मळा खरा, आणि आतली वाइन कुठल्या तरी गरम गोदामात भाजून निघालेली.

इथे व्हाइटचा एक मोठा फायदा आहे, तो लेखात यायला हवा होता. रेड वाइन बाटलीच्या आत दिसत नाही, व्हाइट दिसते. घेण्याआधी अंधाऱ्या खोलीत बाटलीच्या मानेमागे छोटी टॉर्च धरावी. बर्गंडीची बाटली वाळक्या पानाच्या रंगाची असते, त्यामुळे एकटी बघून फसायला होतं. पेटीतल्या सगळ्या ओळीने उभ्या करून एकामागून एक बघाव्यात. एखादी बाकीच्यांपेक्षा गडद दिसली तर ती आधी प्यावी, किंवा घेऊच नये. बुचाखालची वाइनची पातळीही बघावी. तरुण वाइनची पातळी खाली उतरलेली असेल, बूच वर सरकलेलं असेल, मानेवर चिकट ओघळ असेल, तर बाटलीने उष्णता सोसली आहे. विक्रेत्याला विचारावं, की उत्पादकाकडून निघाल्यापासून ही कुठे कुठे होती. ज्याला हे सांगता येत नाही त्याच्याकडून, किंमत कितीही आकर्षक असली तरी, मी व्हाइट घेत नाही.

ठेवण्याबद्दल नव्या माणसाला नेहमी विचारावंसं वाटतं म्हणून थोडं. तापमान १२-१३ अंशांच्या आसपास आणि मुख्य म्हणजे स्थिर. तापमान वाढलं की सगळ्या रासायनिक क्रियांचा वेग वाढतो, ऑक्सिडेशनचाही, आणि वर-खाली होत राहिलं की वाइन फुगते-आकसते आणि बुचाचा धर सुटतो. बूच असेल तर बाटली आडवी, हवेत ओल पुरेशी. उजेड तर अजिबात नको. व्हाइट वाइनमध्ये रायबोफ्लेविन असतं, ते उजेड शोषतं आणि त्यातून गंधकाची संयुगं तयार होऊन शिजलेल्या कोबीसारखा वास येतो. पारदर्शक काचेच्या बाटलीला हा धोका सगळ्यात जास्त. क्रिस्टाल शॅम्पेनची बाटली पिवळ्या कागदात गुंडाळलेली असते ती शोभेसाठी नव्हे. दुकानात ट्यूबलाइटखाली महिनोन्‌महिने उभी असलेली पारदर्शक बाटली कधीच घेऊ नये, मागच्या खोक्यातली मागावी.

आणि उघडण्याबद्दल. चांगली व्हाइट लोक बर्फगार करून पितात आणि मग म्हणतात काही वेगळं लागलं नाही. मुरलेली बर्गंडी किंवा रीसलिंग ११-१२ अंशांवर घ्यावी, मोठ्या ग्लासात, घाई न करता. पहिल्या पाच मिनिटांत बंद वाटलेली वाइन अर्ध्या तासाने बोलू लागते. एखाद्या वाइनची सहा बाटल्यांची पेटी घेतली तर आम्ही पहिली लवकर उघडतो, मग वर्षा-दोन वर्षांनी एकेक. ती कुठल्या वयात आहे हे पुस्तकातून कळत नाही, ग्लासातून कळतं. शेवटची बाटली मी कधीही अडवून ठेवत नाही. जी वाइन उत्तम लागते आहे ती तेव्हाच प्यावी, मग तिचा भाव कितीही चढलेला असो. आमच्या साठ्यातली एकही बाटली आम्ही आजवर विकलेली नाही, आणि विकणारही नाही. माझ्या दृष्टीने बर्गंडीच्या त्या पेटीतली पहिली बाटली, हिरवट झाकेची, हाच त्या सगळ्या खर्चाचा परतावा होता.

आपल्याला माझी एक विनंती आहे. पुरवणीत वाइनबद्दल जेव्हा जेव्हा लिहून येईल, तेव्हा मळा, वर्ष आणि गुण यांच्याबरोबर एक ओळ बुचाचीही छापावी: नैसर्गिक, डियाम, की आट्यांचं झाकण. आणि लेखकाने पुढच्या लेखासाठी आयातदारांना आणि लिलावदारांना एकच प्रश्न विचारावा, की तुमच्याकडून घेतलेली व्हाइट बर्गंडी पाच वर्षांनी ऑक्सिडाइझ झालेली निघाली तर बदलून द्याल का? त्यांची उत्तरं, ती काहीही असोत, नावानिशी छापावीत. आमच्यासारखा एकटा ग्राहक विचारतो तेव्हा पत्राला दोन ओळींचं उत्तर येतं. वृत्तपत्राने विचारलं तर त्यांना सविस्तर बोलावं लागेल.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक नियमित वाचक
(निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका)